सिंधुवैनी आणि रोजंदारीची दंगल

माझा धंदा मंडपाचा. औशात लग्न असो, उरूस असो की पुढाऱ्याची सभा, खांब माझे, पडदे माझे, खुर्च्या माझ्या आणि काही बिनसलं तर शिव्याही मलाच. लोक येतात, बसतात, जेवतात आणि हात पुसत जाताना म्हणतात, “मंडपात लई उकडत होतं राव.” इतकी वर्षं मी लोकांना सावली पुरवत आलो. सरकारच्या कृपेने मधला काही काळ मी चक्क लोकच पुरवले. तेही चिडलेले.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. औशाच्या पुढे माळावर पोलिसांचं एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे परदेशातले पोलीस शिकायला येतात. आपलं सरकार मित्रदेशांच्या फौजांना आणि पोलिसांना मदत करतं, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कुणाला बोटी, कुणाला जीपगाड्या, कुणाला बंदुका. काहींना नुसतं शिकवतात, आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च दिल्ली करते. आमच्याकडे आले ते एका बेटांच्या देशाचे पोलीस. त्या देशाचं नाव मी सांगणार नाही, कारण केंद्राच्या साहेबांनी मला तशी ताकीद दिली आहे. बसस्टँडवरच्या पानवाल्याला ते नाव राजधानीसकट पाठ आहे, पण ताकीद त्याला दिलेली नाही.

पाहुण्यांना शिकायचं होतं ते चिडलेला जमाव आवरायला. तेही डोकं न फोडता, कमीत कमी लाठी चालवून. आता हे शिकवायचं तर आधी जमाव पाहिजे. सुरुवातीला निम्मे पोलीस जमाव व्हायचे आणि निम्मे पोलीसच राहायचे. साहेबांना ते पटेना. “पोलीस ओरडला तरी हुकूम सोडल्यासारखाच ओरडतो,” ते म्हणाले. “यातून यांना काय कळणार, कपाळ?” मी तेव्हा मैदानाच्या कडेला हिरवी जाळी बांधत होतो. साहेबांची नजर माझ्यावर पडली.

“व्यंकट, तू सभेला माणसं आणतोस ना?”

“साहेब, माणसं पुढारी आणतात. मी खुर्च्या आणतो.”

“या खेपेला खुर्च्या राहू दे. माणसं आण.”

पहिला जमाव मी माझ्या हिशेबाने आणला. मंडपावरची पोरं, नाक्यावरचे मजूर, त्यांच्या घरच्या बाया. सरकारी काम म्हटल्यावर सगळे आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, इस्त्रीचे सदरे घालून आले. बायांनी डोक्यावरून पदर घेतला होता. समोर हेल्मेट घातलेले, ढाली धरलेले परदेशी पोलीस रांगेत उभे. शिट्टी झाली. माझा जमाव पुढे गेला, ढालींपाशी पोचला आणि म्हणाला, “राम राम साहेब.” एकाने ढालीच्या फटीतून तंबाखूची पुडी पुढे केली. मैदानालगतच्या मनोऱ्यावरून साहेब कर्ण्यात ओरडले, “व्यंकट, हा जमाव आहे का वरात?” मी जाळीची गाठ तपासायला खाली बसलो.

अशा वेळी मला सिंधुवैनी सापडल्या.

सिंधुवैनी म्हणजे शिवशंकरची बायको. औशाजवळच त्यांचं शेत आहे. शेतातली मिरची, लसूण, हळद घेऊन त्या आठवडी बाजारात बसतात. शिवशंकर माझ्या ओळखीचा, म्हणजे आम्ही एकमेकांना बघून मान हलवतो. त्याच्या तोंडून पूर्ण वाक्य बाहेर पडलेलं मी ऐकलेलं नाही. घरात बोलण्याचं खातं वैनींकडे आहे आणि ते भरभराटीला आलेलं आहे.

त्या दिवशी बाजाराची पावती फाडणाऱ्या माणसाने वाटेत आलेलं त्यांचं मिरचीचं पोतं पायाने बाजूला सारलं. वैनींनी शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. शेजारच्या भाजीवालीकडे वळून त्या काळजीच्या सुरात म्हणाल्या, “आगं, ह्या बाबाच्या हाताला काय झालंय गं? पायानं काम करायलाय बिचारा.” भाजीवालीने पुढच्या भाजीवालीला विचारलं. तिने पलीकडच्या भांडेवाल्याला. बघता बघता अख्खी गल्ली त्या माणसाच्या हाताची चौकशी करायला गोळा झाली. कुणी डॉक्टरचा पत्ता सांगतोय, कुणी मालिशवाल्याचा. शेवटी त्या बाबाने दोन्ही हातांनी पोतं उचलून जागेवर ठेवलं आणि वर पावशेर मिरची विकत घेतली. मी तिथल्या तिथे जाऊन वैनींशी बोलणं केलं.

“कुणाशी भांडायचंय?” त्यांनी विचारलं.

“परदेशी पोलिसांशी.”

“त्येंनी काय केलंय?”

“काहीच नाही. खोटं खोटं भांडायचं. रोज मिळतो.”

“कारण नसताना भांडायला म्या काय खुळी हाय का, व्यंकटराव?”

रोजाचा आकडा सांगितला तरी त्या हटेनात. पैसे नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं, कारण पाहिजे असं होतं. मीही चिडलो. म्हटलं, मग कारण तुम्हीच घेऊन या, सरकारकडे कारणं मिळत नाहीत. ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली आणि तिथून आमच्या जमावाचे दिवस पालटले.

त्यांची पद्धत अशी. कवायतीच्या आधी मैदानाबाहेरच्या कडुलिंबाखाली सगळ्यांना बसवायचं आणि विचारायचं, “आज कशापायी?” मग एकजण सांगणार, आमच्या शेतातल्या आखाड्यावरची विजेची डीपी जळून पडलीय, बसवायला कुणी येईना. दुसरी सांगणार, फाट्यावर बस थांबत नाही, पोरगी कॉलेजला चालत जाते. तिसऱ्याची नळाची तक्रार. वैनी सगळं ऐकून घ्यायच्या आणि त्यातली एकच निवडायच्या. “समदं येकदम मागाय गेलं की कायबी मिळत न्हाई,” हे त्यांचं म्हणणं. मग समोर बोट दाखवून सांगायच्या, “ते हेल्मेटवाले हायत न्हवं, ते आज डीपीवाले. ध्यानात ठिवा. पोलीस हायत हे इसरा.” अशा रीतीने एका दूरदेशीचं पोलीसदल आमच्या माळावर एक दिवस वीजवाले व्हायचं, एक दिवस बसवाले, एक दिवस नळवाले. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

डीपीच्या दिवशी जमाव असा काही तुटून पडला की पाहुण्यांची रांग मोडली आणि ते ढाली टाकून भोजनगृहापर्यंत पळाले. साहेबांनी मनोऱ्यावरून टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनाही ती घोषणा फार आवडली. संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळताना गुण मिळाला की ते हात उंचावून ओरडायचे, “डीपी बसवा! डीपी बसवा!” बसच्या दिवशी तर मागे नुसता झेंडा धरून उभा राहणारा शिवशंकर एकदम “हाव!” म्हणून गरजला. लोक आठवडाभर त्याबद्दल बोलत होते.

जमावाला दगड पाहिजेत. ते पुरवायचे रसूलचाचा. गुलाम रसूल पिंजारी, किल्ल्याजवळ त्यांचं गाद्या-उशांचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्यांचं. चाचांनी कापूस भरून, वर जाड कापड शिवून, चुलीच्या काजळीत घोळून असे दगड केले की हातात घेतल्यावरच खोटे कळावेत. प्रत्येक दगडाचा आकार वेगळा. “भाई, कुदरत में दो फत्तर एकसारखे नही रहते,” असं ते मला ऐकवायचे. जमावाने सदऱ्याच्या, चोळीच्या आतून घालायच्या कापूस भरलेल्या बंड्याही त्यांच्याच. नियम असा होता की लाठी पडली तर बंडीवर पडेल, बंडीच्या बाहेर नाही, आणि खाली पडलेल्या माणसाला हात लावायचा नाही. दंगल संपायच्या आतच चाचा टोपली घेऊन धुरात शिरायचे. “आरे, मेरे फत्तर पे पाँव नक्को रखो!” पोलीसही दबकून बाजूला व्हायचे. त्यांची नात हुमा लातूरला शिकलेली, केंद्रात दुभाषी. पाहुण्यांची भाषा तिने त्यांच्याकडूनच शिकून घेतली होती. थोडक्यात, सरकारच्या परराष्ट्र धोरणाचा बराचसा भाग औशातल्या एका गल्लीतून चालला होता.

पाहुण्यांची नावं आमच्या जिभेला जमेनात. हेल्मेटवर नंबर होते, तीच नावं झाली. त्यातला सतरा नंबर वैनींचा लाडका. उंच, किडकिडीत, हसला की सगळे दात दिसायचे. सुटीच्या दिवशी बाजारात येऊन वैनींच्या पोत्याशेजारी मांडी घालून बसायचा आणि मिरची विकायचा. त्याला बघायला म्हणून लोक मिरची घ्यायचे. वैनी त्याला ठेचा-भाकरी खाऊ घालायच्या. नाकातोंडातून पाणी येईपर्यंत खायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. वैनींना तो ‘आय’ म्हणायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बाजारात ऐकून उचललं.

आणि त्यानेच वैनींचा हात मोडला.

त्या दिवशी कारण नळाचं होतं. मैदानात पिवळा धूर सोडला होता. मी शिडीवर उभा राहून सुटलेली जाळी बांधत होतो, त्यामुळे मला वरून सगळं दिसत होतं. वैनींनी सतराची ढाल वरच्या कडेला धरून खाली ओढली. हा त्यांचा नेहमीचा डाव. ढालीबरोबर तो वाकला, हेल्मेट नाकावर आलं आणि जमावातलं कुणीतरी खदखदून हसलं. सतराने लाठी मारली. ती बंडीवर बसली, नियमात बसली. वैनी मागच्या मागे पडल्या. लोक बाजूला झाले. इथे थांबायचं असतं. तो थांबला नाही. पडलेल्या बाईवर त्याने पुन्हा लाठी उगारली, पुन्हा मारली, आणि परत मारली. हुमा मनोऱ्यावरून तिला येतात तेवढ्या सगळ्या भाषांत किंचाळली. मी शिडीवरून उतरलो की पडलो, मला आठवत नाही. चाचा टोपली टाकून धावले. तेव्हा कुठे तो थांबला आणि हातातल्या लाठीकडे बघत राहिला.

साहेब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फोनवर होते. धावत आले. “काय झालं?”

वैनी उठून बसल्या होत्या. उजवा हात डाव्या हातात धरला होता. म्हणाल्या, “मंडपाच्या दोरीत पाय आडकला, सायेब.”

माझ्या दोरीत! धंद्यात केस पिकले, माझ्या दोरीत आजवर गावठी कुत्रंसुद्धा अडकलेलं नाही. मी तोंड उघडलं. वैनींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली आणि वैनींना गाडीत घालून लातूरला नेलं.

हात प्लॅस्टरमध्ये घालून त्या परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दोरीचा जाब विचारायचाच होता.

“लेकरू हाय,” त्या म्हणाल्या. “त्येला घरी पाठिवलं म्हंजी? आन आपल्या मान्साचं काय? बंद व्हईल समदं. तुमच्या दोरीला काय दुखत न्हाई, व्यंकटराव.”

बोलण्यात खोट काढता आली नाही. त्यांच्या रोजातून ऋतुजाची, म्हणजे त्यांच्या मुलीची, लातूरच्या वसतिगृहाची खोली भागत होती. निम्म्या जमावाच्या घरी असलंच काहीतरी होतं. मी दोरीचा अपमान गिळला.

तेवढ्यात हुमाला घेऊन सतरा आला. डझनभर केळी, बिस्किटाचा डबा आणि लालबुंद डोळे. आल्या आल्या वैनींच्या पायाशी बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. एवढा मोठा पोलीस. शिवशंकरने त्याला पाणी दिलं. वैनींनी डाव्या हाताने ताट वाढलं, “खा लेकरा, झालं गेलं,” म्हणाल्या. हे ‘झालं गेलं’ खरं होतं, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो जरा शांत झाला. मग वैनींना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलला. हुमाने ते सांगितलं.

“तो म्हणतोय, आय, तू ओळखीची आहेस ना, म्हणून मला एवढं वाईट वाटलं. तिकडे आमच्यासमोर अनोळखी लोक असतात. तिकडे असं होत नाही.”

किती गुणी पोरगं, असं माझ्या मनात आलं आणि मी एक केळ सोललं. वैनींचा वाढता हात मात्र तसाच थांबला.

“तिकडं बाजार भरतो का?” त्यांनी विचारलं.

त्याने मोबाइल काढून कौतुकाने फोटो दाखवला. त्याच्या गावचा बाजार. रंगीत छत्र्या, त्याखाली बसलेल्या बाया, एकीच्या पुढ्यात लाल मिरचीचा ढीग. परत गेलो की तिकडे निवडणूक आहे आणि माझी ड्युटी इथेच लागणार, असं त्याने सांगितलं. तिकडचे दगड कापसाचे नसतात, हेही हसत हसत सांगितलं. वैनी त्या मिरचीवालीच्या फोटोकडे बराच वेळ बघत बसल्या.

“मिरची बारीक हाय,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिल्लीची समिती आली. पैसा देणाऱ्याला तो कुठे जातो हे बघावं लागतं, आणि परदेशातल्या पोलिसांना दिलेला पैसा तर जास्तच बघावा लागतो. आपण शिकवलेले लोक तिकडे जाऊन तिथल्याच माणसांना झोडपत असतील, तर त्यात आपलं नाव येतं. समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. पांढरे केस, पायात साधे बूट आणि मदत चालू ठेवायची की थांबवायची याचा सगळा अधिकार त्यांच्याकडे. साहेबांनी झाडांच्या बुंध्यांनाही चुना लावून घेतला. मी माझा लग्नातला मखमली मंडप उभारला.

जमावालाही मी तयार केलं होतं. काहीही विचारलं तरी म्हणायचं, ‘चांगलं हाय.’ आम्ही तालीमसुद्धा घेतली. मी विचारलं, “जेवण मिळतं का?” सगळे म्हणाले, “चांगलं हाय.” “तुमचं नाव काय?” “चांगलं हाय.” मला जरा शंका आली, पण वेळ नव्हता.

त्या दिवशीची कवायत अगदीच मिळमिळीत झाली. सिंधुवैनी प्लॅस्टर घेऊन लिंबाखाली बसलेल्या, त्यामुळे कारण ठरवायला कुणी नाही, आणि दिल्लीच्या पाहुण्यांसमोर आरडाओरडा करायची लोकांना लाज वाटत होती. सतरा तर इतका नाजूकपणे वागत होता की एका आजीबाईची पडलेली चप्पल उचलून त्याने तिच्या पायाशी ठेवली. समितीतले दोघे एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

मग चहा झाला आणि मॅडम सरळ जमावाकडे आल्या. सोबत हुमा. फिरत फिरत लिंबाखाली पोचल्या.

“हाताला काय झालं?” त्यांनी हिंदीत विचारलं.

वैनींनी प्लॅस्टरवरचा पदर सारखा केला. पाहुण्यांची रांग जवळच उभी होती, त्यात सतरा. मला राहवेना. मीच पुढे झालो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, “मॅडम, दोरी माझी होती. चूक माझी आहे.” आयुष्यात मी एवढी मोठी गोष्ट कुणासाठी केलेली नाही. धंद्याची अब्रू मी सरकारच्या पायावर घातली होती.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग वैनींकडे.

“त्येची दोरी चांगली हाय,” वैनी म्हणाल्या. “ह्या लेकरानं मारलं.”

हुमाचा चेहरा उतरला. तिने वैनींकडे विनवणीने बघितलं.

“सांग गं. हुबी व्हते तवा मारलं, त्येचं काय न्हाई. त्येच कामाला आलोत आमी. पडल्यावर मारलं. आन त्येला बी त्येच्या भाषेत सांग म्या काय बोलले ते. म्हागं बोलली आसं नगं व्हायला.”

हुमाने आधी मॅडमना सांगितलं. मग सतराकडे वळून त्याच्या भाषेत सांगितलं, आणि सांगताना ती स्वतःच रडायला लागली. सतरा नाही म्हणू शकला असता. आम्ही सगळे, मी आणि चाचासुद्धा, त्याच्या बाजूने खोटं बोललो असतो. त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं आणि मान खाली घालून होकार दिला. तो क्षण मला अजून आवडत नाही. पोरगं वाईट असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.

सतराला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. त्याला शिकल्याचा दाखला मिळाला नाही, आणि तिकडे जमावासमोर उभं करायचं नाही असं त्याच्या सरकारला कळवलं म्हणे. बाकीच्यांचं प्रशिक्षण तिथेच थांबलं. चौकशी होईपर्यंत दिल्लीने पैसा रोखला. साहेब मला एवढंच म्हणाले, “व्यंकट, तुझी दोरी फुकट गेली.” चाचांनी सगळे दगड उसवून कापूस उशांत भरायला घेतला. माझ्या मंडपाचं भाडं अडकलं. आणि जमाव घरी बसला.

चार-आठ दिवस लोकांनी वाट बघितली. मग एका सकाळी किल्ल्यासमोर सगळे जमले. बोलावलं कुणीच नव्हतं. कुणीतरी विचारलं, “आज कशापायी?” कुणीतरी सांगितलं, “सिंधुवैनी.” दुसऱ्या कारणाची गरजच पडली नाही. मी सगळ्यात पुढे होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तापलोच होतो. असा नेटका मोर्चा औशाने बघितला नसेल. अंतर बरोबर, घोषणा एका सुरात, बाया पुढे, पोरं बाजूला. “आमचा रोज, परत द्या!” साहेब असते तर मनोऱ्यावरून टाळ्या वाजवल्या असत्या.

वैनींच्या दारापुढे आम्ही थांबलो. त्या बाहेर आल्या, हात गळ्यात बांधलेला. घोषणा पूर्ण ऐकून घेतल्या. मग मान उंचावून मागे बघितलं.

“आवो, तुमी तिकडं काय करायलाव?”

आम्ही वळून पाहिलं. सगळ्यात मागे, सवयीप्रमाणे, शिवशंकर झेंडा धरून उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. कुणालाही धक्का लागू नये अशा बेताने तो गर्दीतून पुढे आला, पायरी चढला आणि वैनींच्या शेजारी उभा राहिला. झेंडा भिंतीला टेकवून ठेवला. बाया पदराआड हसल्या. जमावाची हवा जाते की काय असं वाटून मी घाईने बोललो.

“वैनी, पोरगं पाया पडलं होतं. तुम्ही त्याला माफ केलं, जेवू घातलं. मी होतो तिथं. मग चारचौघांत असं का केलं? आमच्या पोटावर पाय का दिला?”

“माफ केलं,” त्या म्हणाल्या. “मला मारलं ते माझं व्हतं, म्हून म्या माफ केलं. आजबी आला तर भाकर वाढीन.”

“मग?”

“त्या फोटूतली बाई, व्यंकटराव. मिरचीवाली. तिला त्यो वळखत न्हाई. न्हाई वळखत म्हून त्येला वाईट बी वाटणार न्हाई, आसं त्यो माझ्या घरात बसून बोलला. तुमी केळ खात व्हता.” त्यांचा आवाज फुटला. इतक्या दंगलींत तो मी कधी फुटलेला ऐकला नव्हता. “म्या पडले तर हुमा वरडली. चाचा पळत आले. तुमी शिडीवरून उडी टाकली. आंगात कापसाची बंडी व्हती. आन वर मला त्येचा रोज मिळत व्हता. ती पडल्यावर तिला काय हाय, सांगा की. बोला, तुमी फुडं हायत न्हवं?”

मी वळून जमावाकडे बघितलं, निदान कुणीतरी घोषणा देईल म्हणून. पुढच्या रांगेतल्या बाया चपला काढून वैनींच्या पायरीवर बसत होत्या.